आजोबांच्या डायरीत पाऊस आहे, आम्ही नाही

पत्र

प्रिय मावशी, सलाम.

माझे आजोबा, आईचे वडील, गेल्या फेब्रुवारीत वारले. 88 वर्षांचे होते. 1958 साली ओव्हरसियर म्हणून पाटबंधारे खात्यात लागले, 36 वर्षं धरणांवर आणि तलावांवर काढली, 1994 ला निवृत्त होऊन नगरच्या घरी परतले. मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, खजिनदार होते, रविवारच्या शाळेत शिकवायचे, घरात रोज संध्याकाळी उपासना व्हायचीच. आता पहिल्या स्मृतिदिनाची उपासना आहे आणि ‘तुला लिहिता येतं’ म्हणून दहा मिनिटांचं मनोगत माझ्याकडे आलंय. मोठे मामा म्हणतात, नेमणुका आणि पदं क्रमाने सांग. आई म्हणते, ते प्रभूचे विश्वासू सेवक होते एवढं सांग, बाकी कशाला हवं? मी स्वतः बारा वर्षांत नाताळ सोडून चर्चमध्ये गेलेले नाही. तिथे उभं राहून त्यांच्या विश्वासाबद्दल बोलणं मला ढोंग वाटतं.

त्यांच्या 31 डायऱ्या माझ्याकडे आहेत, 1994 पासून 2024 पर्यंतच्या. फार आशेने उघडल्या. प्रत्येक पानावर दोनच गोष्टी: पाऊस किती मिलिमीटर (कोरड्या दिवशी ‘निरंक’) आणि पवित्र शास्त्रातला एखादा संदर्भ. अंगणात पर्जन्यमापक होता. सकाळी साडेआठला ते तो वाचायचेच. त्यापायी रविवारी उपासनेला पाच-दहा मिनिटं उशीर व्हायचा. आईला त्याची अजून लाज वाटते. त्यांच्या बायबलच्या समासात पेन्सिलीने आकडेमोड आहे. आमच्याबद्दल, आजीबद्दल एक ओळ नाही. दर 11 डिसेंबरला पहाटे चारला उठून ते अंगणात उभे राहायचे. आजीला विचारलं तर ती एवढंच म्हणते, ‘कोयना’. दफनाच्या दिवशी पाथर्डीकडची एक म्हातारी आली होती, कुणाच्याच ओळखीची नव्हती. ‘साहेबांनी आमचं माप कधी मारलं नाही,’ म्हणाली आणि गेली.

आणखी एक. माझा नवरा हिंदू आहे. 18 जुलै 2011 ला आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आजोबा आले नाहीत. मुलगी झाल्यावर घरी यायला लागले, पुढे तिला पर्जन्यमापक वाचायला शिकवलं, नवऱ्याशी क्रिकेटवर बोलायचे. पण त्या दिवसाचा विषय शेवटपर्यंत निघाला नाही. मी त्या तारखेचं पान उघडलं. ‘पाऊस 12. स्तो. 88.’ बस. यातलं काय सांगू? की नेमणुका वाचून खाली उतरू?

— नगरची नात

उत्तर

सलाम, बाळा.

मावशी म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते. मीही नगरच्या ख्रिस्ती घरातली. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर आलं, पण आपल्या वयाच्या तोंडात अजून नगरच येतं. तुझं पत्र तीनदा वाचलं.

आधी माझं एक सांगते, कारण तुझ्यावर आलंय ते अकरा वर्षांपूर्वी माझ्यावर आलं होतं. माझे वडील शाळामास्तर, जन्मभर मराठी शिकवली. त्यांच्या स्मरणाच्या उपासनेत मी जे वाचलं त्यात ‘प्रेमळ, प्रार्थनाशील आणि शिस्तप्रिय’ हे तीन शब्द होते, आणि पुढची सगळी पानं म्हणजे त्या तीन शब्दांचाच विस्तार. सगळ्यांनी छान झालं म्हणून सांगितलं. बाहेर पडताना एक गृहस्थ थांबले, केस पांढरे झालेले. म्हणाले, ‘बाई, कविता शिकवताना मास्तर उठून खिडकी लावायचे, ते तुम्ही सांगितलंच नाही.’ का लावायचे, विचारलं. तर कविता वाचताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मैदानावरच्या पोरांना ते दिसू नये म्हणून. मला हे माहीतच नव्हतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून वडील आठवले की मला आधी ती खिडकी दिसते, आणि ती मी लोकांसमोर ठेवू शकले नाही, हे अजून सलतं.

तुझ्याकडे अशा खिडक्या पुष्कळ आहेत. पत्रात तू त्या ओळीने मांडल्यास आणि वर म्हणतेस, डायरीत काही नाही.

साडेआठपासून सुरू करू. देशभर पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात. आदल्या दिवशीच्या साडेआठपासून त्या दिवशीच्या साडेआठपर्यंत पडलेला तो त्या दिवसाचा पाऊस. नऊला वाचलास तर तुझा आकडा दुसऱ्या कुठल्याच केंद्राच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. धरणावर 36 वर्षं काढलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही, कारण पाणलोटात किती पडलं यावर खाली दरवाजे कधी उघडायचे ते ठरतं. निवृत्तीनंतर त्यांच्या अंगणातल्या आकड्याची कुणालाच गरज नव्हती, कुठल्या कचेरीत तो जाणार नव्हता. तरीही तो साडेआठलाच. ज्या माणसाने आयुष्यात उपासना चुकवली नाही, तो रविवारी मंडळीसमोर उशिरा येण्याची लाज सोसत होता, कारण आकडा खोटा पडू द्यायचा नव्हता. आईला सांग, यात लाजण्यासारखं काही नाही. तुझ्या मनोगताचं पहिलं वाक्य हेच आहे: ‘आजोबा रविवारी उशिरा यायचे, आणि का ते आज सांगते.’ चर्चमधली निम्मी माणसं त्या उशिराची साक्षी आहेत. ती लगेच मान वर करतील.

आणि ते ‘निरंक’. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षातले बहुतेक दिवस कोरडे. म्हणजे 31 वर्षं, बहुतेक सकाळी, एक माणूस अंगणात जाऊन रिकामं भांडं बघतो आणि निरंक लिहितो. कोरडा दिवस आहे म्हणून पान सोडून देत नाही. प्रार्थनेबद्दल मी बरंच ऐकलंय, पण हे वाचून जितकं कळलं तितकं क्वचितच कळलं असेल.

आता पाथर्डीच्या त्या बाई. तुझ्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, आणि तू त्याला दोन ओळी दिल्यास. ती बाई काय म्हणाली ते नीट समजून घे. बहुधा ती 1972 च्या दुष्काळातल्या कामांवरची असणार. तेव्हा नगर जिल्ह्यात माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांची माती वाहायला लागली होती; त्याच काळात राज्याची रोजगार हमी योजना सुरू झाली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. या कामांवर मजुरी मापावर. किती खणलं, लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, त्यावर पैसे. आणि ते माप टेप घेऊन घेणार कोण, तर ओव्हरसियर. दिवसभर उन्हात माती वाहिलेल्या बाईच्या खड्ड्याची खोली वीतभर कमी लिहिली तर तिच्या ताटातली भाकरी कमी होते, आणि मोजमाप पुस्तकात काय चढलं हे तिला वाचता येत नाही. ‘माप मारणं’ म्हणतात ते हे. तुझ्या आजोबांनी मारलं नाही. पन्नासहून जास्त वर्षं ही गोष्ट मनात ठेवून ती एस.टी.ने आली, सांगितली आणि गेली. मामांच्या यादीत त्या वर्षांसमोर फार तर तालुक्याचं नाव असेल.

तिला शोध. उपासनेला वेळ आहे ना, मग एक रविवार पाथर्डीला जा. दफनाला आलेल्यांत तिच्याशी कोण बोललं, कुणाच्या गाडीतून स्टँडवर गेली, विचारत जा. भेटली तर तलाव कुठला, साल कुठलं, मुकादम कोण होता, साहेब खड्ड्यात उतरून मोजायचे की वरून, विचार. नाही भेटली तर तिचं वाक्य जसंच्या तसं वाच, स्वतःची भर न घालता. आणि घरी त्यांचं बायबल उघडून नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाची पहिली ओळ बघ. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो, खरं वजन त्याला आवडतं, अशा अर्थाचं ते वचन आहे. तिथे पेन्सिलीची खूण आहे का? असेल तर सांग, नसेल तर नुसती म्हातारी पुरे.

मातीकामावरून आठवलं. खड्डा खणताना मधे एक मातीचा खांब न खणता ठेवायची रीत आहे. सगळं आजूबाजूला खणलं जातं आणि तो तसाच उभा असतो, डोक्यावर मूळच्या गवतासकट. कारण मोजणारा आला की त्याला कळायला हवं, जमीन आधी कुठपर्यंत होती. तो खांब म्हणजे मूळ जमिनीची साक्ष. तो ठेवला नाही तर खोलीवरून भांडणं होतात. तू स्वतःला ढोंगी म्हणतेस, त्याचं उत्तर मला या खांबात दिसतं. आपल्या मंडळ्यांमध्ये ‘साक्ष देणं’ म्हटलं की माणसं प्रभूने माझ्या आयुष्यात काय केलं ते सांगायला उभी राहतात. ती साक्ष तुझ्याकडे नाही, आणि कुणी मागितलेलीही नाही. पण तू बघितलंस ते तुझ्याकडे आहे. संध्याकाळी दिवा लागल्यावर ते कुठे बसायचे, कुठलं गीत सुरू करायचे, कुठे सूर चुकायचे, प्रार्थनेत कुणाकुणाची नावं घ्यायचे. हे सांगायला विश्वास लागत नाही, जागेवर हजर असणं लागतं, आणि तू होतीस. ‘ते प्रभूजवळ सुखात आहेत’ हे वाक्य तुझ्या तोंडून येणार नसेल तर बोलू नकोस. ते पाळकसाहेब बोलतील, आणि प्रार्थनाही त्यांनाच करू दे. मात्र ‘मी स्वतः काही मानत नाही, तरी…’ अशी सुरुवातही करू नकोस. त्या दहा मिनिटांत तू काय मानतेस हा विषय नाही. ती दहा मिनिटं त्यांची आहेत.

समासातल्या आकड्यांचं मला खूप अप्रूप वाटलं. कुठे कुठे आहेत ते बघून ठेव. नोहाच्या तारवाची मापं उत्पत्तीत आहेत, तीनशे हात लांब, पन्नास रुंद, तीस उंच. एक हात 45 सेंटीमीटरचा धरला तर 135 मीटर, साडेबावीस, साडेतेरा. तिथे गुणाकार असेलच, पैज लावते. हिज्कीया राजाने कालवा काढून शहरात पाणी आणलं ते 2 राजे 20 मध्ये आहे. यरुशलेमेतला शिलोहाचा बोगदा तोच मानतात, सुमारे 533 मीटरचा, दोन्ही टोकांनी खणत आणून मधे जोडलेला. आणि उत्पत्ती 26 बघायला विसरू नकोस. इसहाक आपल्या बापाच्या बुजवलेल्या विहिरी पुन्हा खणतो, लोक भांडायला आले की ती सोडून पुढे दुसरी खणतो. पाटबंधारे खात्यातल्या माणसाने त्या अध्यायाच्या कडेला काहीच लिहिलं नसेल, असं मला वाटत नाही.

पण मनोगताचा घाट मी सुचवणार आहे तो बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाचा. हा अध्याय उपासनेत फारसा कुणी वाचत नाही, कारण त्यात निव्वळ यादी आहे. यरुशलेमचा कोट पडलेला होता, तो पुन्हा बांधला, आणि कुठल्या वेशीपासून कुठपर्यंतचा तुकडा कुणी बांधला ते एकामागून एक लिहिलंय. मेंढ्यांची वेस, मासळीची वेस. माळीवाडा वेशीतून रोज ये-जा करणाऱ्या नगरकरांना वेस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. अमक्याने इतका भाग दुरुस्त केला, त्याच्या शेजारी अमक्याने. त्यात याजक आहेत, सोनार आहेत, गंधी आहेत, आणि बाराव्या ओळीत शल्लूम नावाचा एक जण आहे ज्याने ‘आपल्या मुलींसह’ काम केलं. मोजमाप पुस्तकच म्हण ना. मामांना यादी हवीय, तर त्यांना अशी यादी दे. कोयनेला आजोबांच्या शेजारी कोण होतं. दुष्काळात माती वाहणाऱ्या बाया कोण होत्या. दौऱ्यावरून ते परत येईपर्यंत घराचा तुकडा आजीने कसा सांभाळला. नेमणुकांची नुसती जंत्री उपासनेच्या छापील पत्रिकेच्या मागच्या पानावर घाल, सेवापुस्तकातून तारखा ताडून. मामा समाधानी होतील आणि तुझ्या दहा मिनिटांतली तीन मिनिटं शिल्लक राहतील.

मोठ्या मामांना आणखी एक काम आहे. त्यांचं वय काय? 11 डिसेंबर 1967 च्या आधी ते जन्मलेले असतील आणि कुटुंब कोयनानगरच्या क्वार्टर्समध्ये असेल, तर ते त्या पहाटेत होते. चार वाजून एकवीस मिनिटांनी भूकंप झाला. कोयनानगर जवळजवळ सगळं पडलं, माणसं झोपेत गेली, मृतांचा आकडा पावणेदोनशेच्या पुढे. धरण 103 मीटर उंचीचं, नुकतंच पुरं झालेलं, मागे पाण्याचा साठा. ते उभं राहिलं, पण वरच्या भागात, जिथे भिंतीचा उतार एकदम बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. पुढे त्या भागाला खालच्या अंगाने काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत केलं गेलं. आणि जलाशय भरल्यामुळेच जमीन हलली का, हा प्रश्न तेव्हापासून जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ कोयनेकडे बोट दाखवून मांडत आले. आज धरणाच्या साठ्याने भूकंप होण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कोयनाच आहे. ज्याने ते बांधायला हात लावला, त्याच्या मनात हे काय करत असेल? मला माहीत नाही, तुलाही नाही, आणि ते त्यांच्या वतीने बोलायचं धाडस तू करू नकोस. पण दर वर्षी पहाटे चारला उठून ते अंगणात उभे असायचे, एवढं तू बघितलं आहेस. ते सांग आणि तिथेच थांब.

आजीला मात्र पुन्हा विचार. ‘कोयना’ एवढ्यावर सोडू नकोस. ‘काय झालं होतं’ असं विचारलंस तर ती नाही सांगायची. ‘तुझ्या अंगावर तेव्हा काय होतं, पोराला कुणी उचललं, दार उघडत होतं का’ असं विचार. चहा-बिस्किटं घेऊन बस, फोनवर आवाज ध्वनिमुद्रित कर, तिला आधी सांगून. तिने बोलायचं ठरवलं तर मामांनाही तिथे बसव. स्वतःच्या आयुष्याचा एक तुकडा आईच्या तोंडून ऐकल्यावर नेमणुकांच्या क्रमाचा आग्रह कदाचित आपोआप सैल होईल.

तुझ्या आईबद्दल. ‘विश्वासू सेवक’ ही तिची भाषा आहे, तिच्या दुःखाची भाषा आहे, तिला खोडू नकोस. हे शब्द दफनभूमीतल्या किती दगडांवर कोरलेले आहेत ते तिलाही ठाऊक आहे. तिला विचार, विश्वासू म्हणजे कधी? एक दिवस सांग. ती सांगेल तो दिवस घे आणि त्याच्या शेवटी तिचे दोन शब्द तिच्या नावाने ठेव: ‘आई म्हणते, ते विश्वासू सेवक होते.’ ऐकताना तिला बरं वाटेल. आणि जमलं तर आजोबांच्या वडिलांपर्यंत मागे जा. आपल्या भागात अमेरिकन मिशनने 1831 पासून काम सुरू केलं, सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा इथलीच, जी बघून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. ‘ज्ञानोदय’ 1842 साली इथूनच निघालं. आपल्या बऱ्याच घरांत पहिली पाटी अशाच कुठल्या शाळेतून आली. तुझ्या आजोबांच्या घरात ती कुणाच्या हातात आली? ओव्हरसियर होण्याआधी त्या घरात कुणी सही करायला शिकलं असेल, त्याचं नाव मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडेल. एक-दोन वाक्यांहून जास्त नको, पण ती असू देत.

आता लग्न.

आधी तीन जणांना विचारायचं. तुझ्या नवऱ्याला, कारण तो तिथे बाकावर बसलेला असेल आणि सगळ्या माना त्याच्याकडे वळतील. आजीला. आणि आईला. यातल्या एकानेही नको म्हटलं तर चर्चमध्ये बोलू नकोस. लिहून मुलीसाठी ठेव, तिने मोठेपणी वाचावं. तिघांनी हो म्हटलं तर सांग, आणि कसं सांगायचं तेही नहेम्याच सांगतो. तिसऱ्या अध्यायात पाचवी ओळ आहे. तकोवाच्या लोकांनी आपला तुकडा बांधला, पण त्यांच्यातल्या बड्या लोकांनी कामाला मान लावली नाही. झालं, एवढंच. का लावली नाही, ते किती वाईट होते, पुढे त्यांना पश्चात्ताप झाला का, काही नाही. यादी लगेच पुढच्या माणसाकडे जाते, आणि खाली सत्ताविसाव्या ओळीत त्याच तकोवाच्या लोकांनी आणखी एक तुकडा बांधल्याची नोंद येते. तुझीही तशीच नोंद होऊ दे. ‘18 जुलै 2011 ला माझ्या लग्नाला आजोबा आले नाहीत. मुलगी झाल्यावर ते घरी येऊ लागले. तिला त्यांनी पर्जन्यमापक वाचायला शिकवलं.’ तीन वाक्यं. ‘त्यांच्या परीने त्यांनी माफी मागितली’ असं चौथं वाक्य जोडायचा मोह होईल. जोडू नकोस. त्यांनी मागितली नाही, आणि तू ती त्यांच्या नावावर जमा केलीस तर तुझं माप खोटं होईल. तुला अजून दुखत असेल तर दुखू दे. मोठ्या माणसावर प्रेम असूनही एक दिवस त्याच्या नावावर उधार राहू शकतो. मी माझ्या वडिलांचा असाच एक दिवस अजून वागवते.

राहिलं स्तोत्र 88. मी ते रात्री पुन्हा वाचलं. दीडशे स्तोत्रांत हे सगळ्यात काळोखं. रडणारी स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेक शेवटी वळतात, ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ असं म्हणतात. हे वळत नाही. रात्रंदिवस तुला हाक मारतो, तू तोंड का लपवतोस, असं म्हणत जातं, आणि शेवटी जिवाभावाची माणसं दूर गेली, सोबतीला अंधार उरला, तिथेच संपतं. तुझ्या लग्नाच्या दिवशी आजोबांनी हे लिहिलं असेल तर त्याचा अर्थ मोठा आहे. पण कुठला? तू दूर गेलीस म्हणून? की आपणच गेलो नाही म्हणून? दोन्ही त्या ओळींत बसतं. तू हवा तो अर्थ घेशील, आणि तो बरोबर असेलच असं नाही.

म्हणून आधी आजोबांनी केलं असतं ते कर, आकडा ताडून बघ. पुष्कळ घरांत स्तोत्रं ओळीने वाचतात, रोज एक. तसं असेल तर 17 जुलैच्या पानावर 87 असेल आणि 19 च्या पानावर 89, आणि मग त्या 88 मध्ये तुझं लग्न नाही, फक्त क्रम आहे. दुसरी एक रीत तारखेची. रोज पाच, महिन्यात दीडशे पुरी. त्या हिशोबात 18 तारखेला 86 ते 90 येतात. मग त्या वर्षीच्या बाकीच्या अकरा महिन्यांची 18 तारखेची पानं उघड. दर वेळी 88 लिहिलंय की कधी 86, कधी 90? नव्वदावं त्याच दिवसाचं आहे, ‘आम्हाला आमचे दिवस मोजायला शिकव’ हे त्यातलं. मोजणाऱ्या माणसाचं तेच आवडतं असायला हवं. पाचांतून त्या एका दिवशी त्यांनी 88 निवडलं असेल तर ती निवड आहे. आणि यातलं काहीच जुळलं नाही, आजूबाजूला शुभवर्तमानं आणि पत्रं असतील आणि मधेच एकटं 88, तरीही ती निवडच.

निवड निघाली तर त्या पानावरच्या दोन्ही नोंदी चर्चमध्ये वाच, त्या तीन वाक्यांतल्या पहिल्यानंतर लगेच. ‘पाऊस 12. स्तो. 88.’ अर्थ सांगू नकोस, स्तोत्र वाचून दाखवू नकोस. बाकांवर त्यांच्याबरोबर तीस वर्षं गायलेली माणसं असतील, त्यांना 88 कुठलं ते सांगावं लागणार नाही. क्षणभर थांब, पाणी पी आणि पुढच्या वाक्यावर ये. क्रम निघाला तर ते पान तुझ्यापाशी ठेव आणि फक्त तीन वाक्यं वाच.

म्हणजे मनोगताचा पहिला शब्द लिहिण्याआधी 17 जुलै 2011 चं पान उघड. काय निघालं ते मला कळव. आणि आजोबांचा पर्जन्यमापक आता कोण वाचतंय, तेही लिही.

— मावशी